पाचव्या ओळीचं माप

शेजारच्या रानातला तातेराव बांधावर येऊन म्हणाला, "भुजंगा, सगळ्या शिवारात तुझीच पऱ्हाटी उभी हाये. बोंडअळी पाळून राह्यलास का?"

"उपटतो."

"संक्रांतीपासून हेच ऐकून राह्यलो. उद्या ट्रॅक्टर आणू का, तेवढं सांग."

संध्याकाळी फोन करतो म्हणालो. तो कापूस माझ्या बायकोनं, दैवशालानं लावलेला. दिवाळीनंतर ती हार्टनं गेली. पऱ्हाटी ठेवायला दुसरं कारण नव्हतं.

त्याच दुपारी राजनंदिनी टेप घेऊन रानात आली. पोरगी अकरावी सायन्सला आहे. घरातली एखादी लांबी मोजून सरासरी काढायची, असं कॉलेजातून दिलं होतं.

"सगळे टेबल मोजून राह्यलेत," ती म्हणाली. "मी आईचं पाऊल मोजते."

"ते कसं?"

"आई पावलाला एक बी टोबायची ना? मंग दोन झाडांमधलं अंतर म्हणजे तिचं पाऊल. एकच मोजलं तर चूक मोठी येते. वीस अंतरं सलग मोजायची न् विसानं भागायचं."

बावीस वर्षं मी दैवशालासोबत कापूस लावला. हे मला कधी सुचलं नाही.

मी टेपचं टोक धरलं. पहिल्या ओळीत वीस अंतरं नऊ मीटर वीस भरली. म्हणजे पाऊल शेचाळीस सेंटिमीटर. दुसरीत शेचाळीस, तिसरीत पंचेचाळीस, चौथीत पुन्हा शेचाळीस.

"मशीनच होती आई," राजनंदिनी म्हणाली.

पाचवी ओळ बांधाकडची घेतली, लावणीतली सगळ्यात शेवटची. तिथं सात मीटर साठ आलं. अडतीस.

"अण्णा, टेप ढिला धरला तुम्ही."

"न्हाई. परत मोज."

परत मोजलं. सात मीटर साठच.

ती ओळ दुपार टळल्यावर लावली होती. मी बांधावर उभा होतो. दैवशाला म्हणाली होती, पाय उचलेना. मी म्हणालो होतो, एकच ओळ राहिली, जल्दी कर. तिनं ती पूर्ण केली. जूनमधली गोष्ट. डॉक्टरकडे आम्ही दसऱ्यानंतर गेलो.

राजनंदिनी वहीत बघत होती. "सर म्हणतात, एखादं माप लई वेगळं आलं तर आपली चूक समजून सोडून द्यायचं. सोडू का?"

"दोनदा मोजलं ना आपण?"

"हो."

"मंग मोजण्यात चूक न्हाई. धर ते."

"सरासरी कमी येईल."

"येऊ दे."

तिनं पाचही आकडे मांडले, बेरीज केली, भागलं. चव्वेचाळीस पूर्णांक दोन. खाली रेघ मारली आणि वही मिटली.

दैवशालाचं पाऊल आता वहीत होतं. मी टेप गुंडाळला. मग तातेरावला फोन लावला आणि सांगितलं, सकाळी ट्रॅक्टर आण. बांधाकडून सुरुवात कर.