हिरवं लुगडं आणि तुटलेली नळी

केमोच्या औषधासाठी बनाबाईच्या गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवलेली. तिची नळी तुटली आणि तुटका तुकडा रक्तासंगं वाहत काळजात जाऊन बसला. एक्स-रेत तो शेवयीएवढाच दिसला. डॉक्टर अनुजा म्हणाल्या, छाती उघडायची गरज नाही. जांघेतल्या शिरेतून तार वर न्यायची, टोकाच्या फासात तुकडा धरायचा आणि आल्या वाटेनं ओढून काढायचा. नाही सापडला तर काय, हे बनाबाईनं विचारलंच नाही. उत्तर वाईट आलं तर?

वजन उचलत होता का, या डॉक्टरांच्या प्रश्नावर मात्र तिनं चटकन नाही म्हणून मान हलवली. शेजारी सून स्नेहल फरशीकडं बघत राहिली. रोज वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन गडमुडशिंगीच्या रस्त्यानं येणारी सासू तिला काय दिसत नव्हती? म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही, तर विकून टाकू, असं स्नेहल बोलली होती. “आधी मला विका,” म्हणून बनाबाईनं तिचं तोंड बंद केलेलं.

दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर हलायच्या बेतात असताना स्नेहल धापा टाकत आली. अंगावर बनाबाईचं हिरवं लुगडं. बनाबाईला वाटलं, माणूस अजून जित्तं आणि लुगड्याची पेटी उघडली? काही विचारायच्या आत स्ट्रेचर आत गेलं आणि दार बंद झालं.

टेबल बर्फासारखं गार. भूल जांघेपुरतीच, बाकी बनाबाई टक्क जागी. तार वर पोचली तसं काळीज एकदम गचकलं, मग दोन ठोके आलेच नाहीत, असं तिला वाटलं.

“श्वास धरा, मावशी. हलू नका.”

फास निसटला. पुन्हा टाकला, पुन्हा निसटला. दावणीच्या रेडकाला फास टाकण्यात बनाबाईचा जन्म गेलेला. घाई केली की हुकतं, हे तिला डॉक्टरबाईंना सांगायचं होतं, पण तोंड उघडायची भीती. आपलं खोटंच आत आडवं आलंय, असं वाटत राहिलं. आणि डोळे मिटले की ते हिरवं लुगडं.

“धरला,” डॉक्टर म्हणाल्या.

ट्रेमध्ये बोटभर पांढरी नळी पडली तेव्हा बनाबाईला रडू फुटलं. “भारं उचललं मी, बाई. खोटं बोललो.”

“माहीत आहे. भारा उचलताना गळ्याचं हाड आणि बरगडी यांच्यात चिरडूनच तुटलीय ती.”

वॉर्डात पाय सरळ ठेवून पडल्यावर तिनं सुनेला विचारलं, “माझं लुगडं का गं नेसलीस?”

“मग काय करू, आत्याबाई? सकाळी म्हशीनं दोन लाथा घातल्या. तुमचं लुगडं नेसून बसलो, तवा पान्हा सोडला. बदलायला येळ कुठं हुता?”

बनाबाईनं मान तिच्याकडं वळवली.

“किती दिलं?”

“तुमच्यापरास अर्धा लिटर जास्त.”

पाय हलवायची मनाई होती, नाहीतर ती कूस बदलून भिंतीकडं तोंड करणार होती. मग हात लांब करून तिनं सुनेचा पदर चाचपला. शेणाचा, दुधाचा वास आला.

“बदलू नगंस,” ती म्हणाली. “सांजची धार ऱ्हायलीया. आता ते तुझंच.”