बेटावरची ड्यूटी

सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरला धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, दोन दिवस बेटावर चल. इकडची काडी तिकडे करायची नाही." तिला भरूनच आलं. तिनं रजा टाकली, पोहता येत नसताना पोहायचा पोशाखसुद्धा घेतला.

धक्क्यावर बघते तर भाऊ आणि वहिनी वहिनीच्या वडिलांना चाकांच्या खुर्चीसकट बोटीत चढवताहेत. म्हाताऱ्याचं उजवं अंग लुळं.

"त्यांना सांभाळणाऱ्या बाईला सुट्टी दिली," वहिनी म्हणाली. "तुम्ही आहातच की, ताई!"

चारचौघांत तमाशा नको म्हणून तिनं राग गिळला.

बेट चित्रासारखं होतं, पण ते हॉटेलच्या वरच्या खोलीतून. ती भावानं घेतली. हिला खालची, म्हाताऱ्याच्या खोलीला लागून. खिडकीसमोर पाण्याची टाकी.

सकाळी उठते तो दाराला चिठ्ठी. 'फिरायला जातोय, संध्याकाळी येऊ. गोळ्या नऊ आणि दोनला. कूस बदलायला विसरू नकोस.'

विसरू नकोस! तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत तिनं म्हाताऱ्याचं अंग पुसायला घेतलं आणि तो कळवळला.

"चुकलं, काका." ती ओशाळली.

"माझ्यावर नको काढूस," तो अडखळत म्हणाला. "मी घरीच बरा होतो. पण मला आणायचा तूच हट्ट धरलास म्हणे."

"मी?"

"मला जावई तसं म्हणाला."

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिनं हॉटेलचे दोन वेटर बोलावले, खुर्ची वाळूवरून उचलून पाण्याच्या काठाशी ठेवायला लावली. म्हाताऱ्याचे पाय ओले झाले. तो लाटांना शिव्या देत हसत होता. हसता हसता त्यानं जावयालाही दोन घातल्या. तिनं अडवलं नाही.

संध्याकाळी वेटरकडून कळलं तसा भाऊ जेवणाच्या टेबलाशी तणतणतच आला. "ताई, उन्हात नेलंस त्यांना? काही झालं असतं तर?"

"तर तू कुठे होतास?" तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. "मला फसवलंस, त्यांनाही फसवलंस. फुकटची नर्स हवी होती, तर तसं तोंडानं मागायचं होतंस!"

"अगं, घरच्या घरात काय नर्स..."

"उद्या मी रजेवर आहे. वडील तुझ्या बायकोचे. करा दोघं."

वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. हिला जरासुद्धा कीव आली नाही.

सकाळी सातलाच भावानं दार वाजवलं. "ताई, निदान त्यांना उठवून कसं बसवायचं तेवढं दाखव ना!"

तिनं दार उघडलं. एकदाच दाखवलं, वॉर्डात नवशिक्यांना दाखवते तसं, न हसता. मग ती बाहेर पडली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत सुटली. वाटेत किती समुद्र दिसला कोण जाणे. मनातल्या मनात ती अजून भावाशी भांडतच होती.