दहा पावलं

बंदरावरचे लोक तिला अंडीवाली म्हणत. "काय गं अंडीवाली, डझन भरलं का?" असं विचारून खिदळत. तीही हसायची, कारण मामला खरंच डझनाचा होता. समुद्र आणि खाडी यांच्या मधोमध पसरलेल्या वाळूच्या लांबट बेटावर यंदा चिखल्या पक्ष्यांच्या बारा घरट्यांतून पिल्लं बाहेर पडली, तर बेटाचं दक्षिण टोक माणसांना बंदच राहणार होतं, नाहीतर खुलं होणार होतं. घरट्यांची मोजदाद तिच्याकडे होती. अकरा घरटी पार पडली होती. तीन उरली होती. त्यातल्या एकाला जरी यश आलं असतं, तरी तिच्या चार वर्षांच्या उन्हातान्हाचं चीज झालं असतं.

घरटं म्हणजे तरी काय, टाच रुतावी एवढा खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची तीन अंडी. पायाखाली आली तरी कळायची नाहीत, म्हणून खुणेची काठी लागते. पण काठी घरट्याशीच रोवली तर कावळ्यांना आयतं वाढून ठेवल्यासारखं. म्हणून ती काठी लांब रोवायची. काठीपासून दीपस्तंभाच्या दिशेनं दहा पावलं, तीही तिची स्वतःची, की घरटं. हे तिनं वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त दादाला.

दादाला नाही सांगायचं तर कोणाला? सख्खा थोरला भाऊ, रोज आपल्या होडीतून तिला बेटावर सोडणारा. गेल्या वर्षी अपघात झाल्यापासून डावा पाय ओढत चालायचा, पण एक दिवस खाडा नाही. आज मात्र म्हणाला, "पाय फार ठणकतोय गं. मी होडीतच बसतो, तू ये जाऊन."

पहिला खळगा रिकामा होता. पिल्लं निघाली असती तर टरफलाचे बारीक कण दिसले असते, कावळ्यानं फोडली असती तर बलक सांडला असता. भरतीची रेघ तर पार खाली राहिली होती. दुसराही खळगा तसाच, स्वच्छ. तिसऱ्यापाशी चिखल्याची मादी पंख मोडल्याचं सोंग करत तिला लांब न्यायला बघत होती. खळगा रिकामा झाल्याचं त्या बिचारीला अजून कळलंच नव्हतं.

तिथं झुडपाच्या आडोशामुळे वाऱ्यानं वाळू हलली नव्हती. काठीपासून खळग्यापर्यंत सरळ ठसे. उजवा स्पष्ट, डाव्यामागे ओढल्याची चरी. तिनं मोजले. दहा.

दादा चांगला उंचापुरा. त्याच्या चालीनं हे अंतर सहा-सात पावलांतच संपलं असतं. लहानपणी ओल्या वाळूत तो पुढे चालायचा आणि ती उड्या मारत त्याच्या ठशांत पाय टाकायची. आता तो तिच्या मापानं चालला होता. परका असता तर तिनं शिव्यांची लाखोली वाहिली असती. इथं ती नुसतीच होडीकडे वळली.

होडीशी आली तेव्हा त्यानं हात पुढे केला.

"काय झालं?"

"तिन्ही गेली."

"अरेरे. भरतीनं नेली असतील. तसंच लिही."

"तुझी पावलं मोठी आहेत, दादा. मुद्दाम लहान टाकलीस ना?"

त्यानं हात मागे घेतला.

"टोक उघडलं की तिथं पर्यटकांच्या फेऱ्या सुरू होतील," तो म्हणाला. "या पायानं जाळं ओढवत नाही मला. आणि पक्षी काय, पुढच्या वर्षी परत घालतील."

"मला विचारायचंस तरी."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. म्हणून तर विचारायचं होतंस."

गुडघाभर पाण्यात उभी राहूनच तिनं वही काढली. कारणांचे चार रकाने होते: भरती, कावळा, कुत्रा, माणूस. तिनं शेवटच्यात तीन खुणा केल्या.

"माझं नाव घालणार?" त्यानं विचारलं.

चार वर्षं जे कागदावर येऊ दिलं नव्हतं, ते तिनं शेऱ्यात लिहिलं आणि त्याला ऐकू जाईल असं वाचलं: "घरटं काठीपासून दीपस्तंभाकडे दहा पावलांवर. हे दोघांनाच माहीत होतं. मला आणि माझ्या भावाला."