थपडेचे सात टेक

जोसेफनं मला विसरवाडीच्या चौकात, अख्ख्या बाजारासमोर थोबाडीत मारली त्याला वर्ष झालं. गाल थंड झाला. मी नाही झालो.

कारण काय, तर गंमत! माझं पंक्चरचं दुकान. समोर त्याची जीप उभी दिसली, मागच्या चाकाची हवा सोडली. तो पळत आला, तर मी टायरच्या ढिगावर बसून खी खी हसलो. आता मला काय माहीत, जीपमध्ये मागं त्याच्या बायकोला, ग्रेसीला, कळा सुरू झाल्यात! पोरगी जीपमध्येच झाली. पण ठणठणीत झाली ना? तरी त्याची माणसं माझ्या दुकानावर येईनात, आमची त्याच्या भाजीला हात लावीनात.

मग राजेंद्र सर कॅमेरा घेऊन आले. भांडणं मिटवायला सिनेमा काढतात म्हणे. पद्धत एक नंबर: ज्याच्याशी भांडण, त्याचंच काम आपण करायचं. मी जोसेफ, तो गफूर.

"म्हणजे थप्पड मी मारायची?"

"हो गफूरभाई. पण हळू."

"एकदम हळू, सर!"

पहिला टेक. फाट! आणि मुद्दाम वाक्य विसरलो. दुसरा. फाट! कॅमेऱ्याकडे बघून दात काढले. "सॉरी सर, परत!"

भाजीवाली रमिलाबाई ओरडली, "गफूरभाऊ, मारी ऱ्हायना की भाकर थापी ऱ्हायना?"

मारतोय की भाकरी थापतोय म्हणे! मग काय, हात मोकळाच सोडला.

पण दर वेळी सुरुवात जीपमधून. मी स्टेअरिंगवर, मागं ग्रेसी, स्वतःचंच काम करणारी. आधी नुसती कण्हायची. चौथ्यापासून माझा खांदा धरायला लागली. सातव्याला नखं रुतली. "चालव ना," म्हणाली. हे तर लिहिलेलंच नव्हतं. घाम फुटला मला. उतरलो, तर ढिगावर जोसेफ माझी टोपी घालून खी खी हसतोय.

ही थप्पड खरी बसली. जोसेफ ढिगावरून खाली आला.

"ओके!" सर ओरडले.

जोसेफ गाल चोळत उठला. "तिसऱ्यालाच सर म्हणत होते, चालेल. मीच सांगितलं, अजून घ्या."

"का रे? येडा शे का तू?"

"मन्हा गाल सुजू दे. तू सात वेळा तिच्यापुढे बसला, तेवढंच पाहिजे होतं."

मी जीपकडे गेलो. "ग्रेसीबेन," म्हटलं, "त्या दिवशी..."

तिनं काच वर केली.