एकेक गोष्ट बंद करून

"इथे दुखतं?" डॉक्टरीणबाईंनी मानेच्या मागे अंगठा टेकवला.

"हो."

"इथे?" खांद्यावर.

"हो."

"आणि इथे?" कोपराच्या आतल्या बाजूला.

वहिनींनी श्वास आत ओढला आणि तिथेच धरून ठेवला.

"अहो, दाबल्यावर दुखणारच," शेजारच्या खुर्चीतून मिस्त्री म्हणाले. "मला दाबा, मलाही दुखेल."

डॉक्टरीणबाई शांतपणे उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि मिस्त्रींच्या मानेवर तेवढ्याच जोराने अंगठा टेकवला.

"दुखलं?"

"नाही," मिस्त्रींनी कबूल केलं.

"धन्यवाद." त्या परत जागेवर जाऊन बसल्या. "कधीपासून होतंय हे?"

वहिनींनी तोंड उघडलं होतं, पण मिस्त्री आधी बोलले. "ताप आला होता हिला मोठा. त्यानंतर."

मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ. जन्मभर लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिले. वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना वहिनीच म्हणत. त्या गाद्यांच्या दुकानात विक्रीच्या कामाला होत्या. दिवसभर परक्या माणसांना गादीवर आडवं करायचं आणि घरी येऊन स्वतः कूस बदलत पडायचं, असं बरेच महिने चाललं होतं. मान, खांदे, कंबर, गुडघे, दुखणं आळीपाळीने सगळीकडे मुक्काम करी. झोपून उठलं की झोपण्यापूर्वीपेक्षा जास्त थकवा. बोलता बोलता साधे शब्द हरवायचे. रिपोर्ट मात्र एकूण एक उत्तम होते, फ्रेम करून भिंतीला लावावेत असे.

"याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. "असेल. पण फॉल्ट कुठे आहे?"

"म्हणजे?"

"कारण हो. दुखतंय म्हणजे काहीतरी तुटलंय, झिजलंय, नाहीतर सैल झालंय."

"तसं काही सापडत नाही यात. शरीराचा निरोप मेंदूला फार मोठ्या आवाजात ऐकू येतो, असं समजा. साधा धक्का लागला तरी ठणका होऊन पोचतो. का, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. काही घरांतून ते आई-आजीकडून येतं. कुणाला मोठ्या आजारानंतर सुरू होतं, कुणाला ऑपरेशननंतर, कुणाला अपघातानंतर, कुणाला वर्षानुवर्षांच्या ताणाने. आणि कित्येकांच्या बाबतीत काहीसुद्धा घडलेलं नसतं."

"यातलं हिचं कोणतं?"

"सांगता येणार नाही. दोन-तीन मिळूनही असेल. एकही नसेल."

लिफ्ट आपोआप बंद पडली असं सांगणाऱ्या रखवालदाराकडे मिस्त्री ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"रोज थोडं चाला," त्या वहिनींना म्हणाल्या. "झोपेची वेळ सांभाळा. माणसांत राहा, जमेल तेवढं काम करत राहा. गोळी देते, तिने थोडं हलकं वाटेल."

यातलं मिस्त्रींनी गोळीपुरतं ऐकलं.

त्यांच्या धंद्यात आपोआप काही होत नाही. बंद पडलेली लिफ्ट एकाएकी चालू झाली तर बाकीचे लोक टाळ्या वाजवतात; मिस्त्री मात्र ती तत्काळ पुन्हा बंद करत. कारण सापडल्याशिवाय लिफ्ट ताब्यात द्यायची नाही, असा त्यांचा बाणा. खाली लोक सामान घेऊन ताटकळत, शिव्या देत, मिस्त्री वर ढिम्म. शोधायची पद्धतही ठरलेली होती. एकेक गोष्ट बंद करून बघायची. जी बंद केल्यावर खोट थांबली, ती चोर.

लिफ्ट आणि बायको यांच्यात फरक असतो हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

आधी चहा बंद झाला. दुखणं गेलं नाही, डोकं तेवढं दुखू लागलं. मग उशी गेली. मग गादी. गाद्या विकणारी बाई घरी फळीवर झोपू लागली आणि सकाळी अधिकच वाकून उठू लागली. "म्हणजे गादीचा दोष नाही," मिस्त्री समाधानाने म्हणाले. पण गादी परत घालायची राहून गेली. मग वहिनींच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, फोन बंद झाले, कारण फोन ठेवल्यावर वहिनींचे खांदे ताठलेले दिसतात असं मिस्त्रींचं निरीक्षण होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी चार बायका जमून गात, ते जिन्यामुळे बंद झालं.

शेवटी दुकान.

"थोडे दिवस बघू तर खरं," मिस्त्री म्हणाले. "उभं राहून राहून होत असेल."

"मला दुकानात बरं वाटतं हो."

"वाटतं बरं. पण आहे का बरं?"

यावर वहिनींना उत्तर सुचलं नाही. हल्ली बऱ्याच गोष्टी सुचत नसत. त्यांनी मालकाला फोन केला. मालक माणूस चांगला, पण दुकानदार होता. "महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो," तो म्हणाला. "पुढे मला कुणीतरी घ्यावं लागेल, वहिनी."

वहिनी घरी बसल्या. खिडकीशी बसलं की वारा लागतो म्हणून भिंतीशी बसल्या. मिस्त्री कामावरून आले की दारातूनच विचारत, "आज?" वहिनी मान हलवत. मिस्त्री हात धुवायला जात, आणि नळ बराच वेळ चालू राही.

महिना संपत आला तेव्हा ताई स्वतःच येऊन धडकल्या. तीन जिने चढून आल्यामुळे पहिलं वाक्य बोलायला त्यांना जरा वेळ लागला.

"मेहुणे, माझा फोन बंद केलात म्हणून प्रत्यक्ष आले. आता मलाही बंद करून बघा."

"ताई, तसं नाही—"

"कसं आहे मग? बघा तिच्याकडे! कपाटात ठेवलेल्या चादरीसारखी झालीय. अजून काय उरलंय हो बंद करायचं? पंखा?"

"पंखा बघितला," मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाले.

ताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बहिणीच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या, वहिनी आक्रसल्या, तशा त्यांनी तो मागे घेतला.

"आणि मघाशी तुमची व्हॅन दिसली नाही खाली. तिचा काय गुन्हा?"

"विकली."

"का? चांगली होती की."

"पेट्रोल फार खायची."

वहिनींनी वर पाहिलं. मिस्त्री ताईंसाठी पाणी आणायला आत गेले होते.

ताई गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, आपली व्हॅन पेट्रोल खात नव्हती."

"खायची थोडं."

"तुम्हीच सांगत होतात सगळ्यांना, वासावर चालते म्हणून."

मिस्त्री ताईंचा रिकामा पेला उचलू लागले.

"डॉक्टरांनी मला विचारलं कधीपासून, तर उत्तर तुम्ही दिलंत. माझा ताप या दुखण्याच्याही आधीच्या वर्षीचा."

दोघांनाही माहीत होतं बोलणं कुठे चाललंय ते. त्या दिवशी दोघं ताईंकडून परत येत होते. व्हॅन मिस्त्री चालवत होते. डाव्या हाताला एक उंच नवी इमारत आली आणि मिस्त्री म्हणाले, "ती बघ, तिची लिफ्ट मी बसवली." वहिनींनी बघितलं. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांनी स्वतःही बघितलं. पुढे ट्रक उभा होता. वेग काही नव्हता. बंपर जरासा चेपला, मागची हत्यारांची पेटी घसरत येऊन वहिनींच्या सीटवर आदळली, आणि मान एकदा पुढे जाऊन मागे आली. बस. "लिफ्ट बघायला मी आहे ना," वहिनी हसून म्हणाल्या होत्या, "तुम्ही रस्ता बघा." मिस्त्रीही हसले होते. ट्रकवालासुद्धा हसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. मग खांदे. मग बाकीचं.

"सगळं काढून बघितलं गं," मिस्त्री हातांकडे बघत म्हणाले. "ते एक काढता येत नाही. झालेलं कसं बंद करायचं?"

मग मिस्त्रींनी वर पाहिलं.

"त्याच्या आधी दुखायचं का तुला? आठवून सांग."

आठवायची गरज नव्हती. त्या दिवसाच्या आधीचं अंग वहिनींना एखाद्या सोडून आलेल्या घरासारखं स्वच्छ आठवत होतं. वेण्या घालताना हात किती वेळ वर राहायचे, तेसुद्धा. आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणंही आठवत होतं. तेच असेल असं नाही. असा धक्का बसून कपडे झटकून घरी जाणारे पुष्कळ असतात. आईला दोन वर्षं उचलून बसवलं ते असेल, ताप असेल, सगळं मिळून असेल. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. वहिनींना फक्त सुरुवात माहीत होती. इतक्या महिन्यांत तपासण्या, नातेवाईक, शेजारी, सगळ्यांनी त्यांचं सगळं खोटं ठरवून पाहिलं होतं. तेवढी एक सुरुवात खात्रीने त्यांची होती.

"हो," त्या म्हणाल्या. "आधीपासूनच दुखायचं. आईच्या आजारपणापासून. तुम्हाला बोलले नव्हते इतकंच."

"नक्की?"

"अहो, दुखतंय मला. कधीपासून ते मला माहीत असणार की तुम्हाला?"

तीन मजले वरचं बेअरिंग घासतंय हे तळमजल्यावर उभं राहून ओळखणारा माणूस होता तो. मिस्त्रींनी मान कलती करून, कामावर ऐकायचे तसंच ऐकलं. त्यांना काय ऐकू आलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"असेल," ते म्हणाले.

"मग मी सोमवारपासून दुकानात जाते."

"जा."

मिस्त्री उठले आणि माळ्यावरून गादी खाली ओढू लागले. एकट्याने ओढताना ती दारात अडकली. वहिनी उठून मदत करायला लागल्या, आणि मिस्त्रींनी "तू राहू दे" हे शब्द तोंडातच ठेवले.

सोमवारी दुपारी मिस्त्रींना दुकानाच्या बाजूला काम निघालं. निदान त्यांनी तसं काढलं. समोरच्या फुटपाथवर उभे राहून ते काचेतून बघू लागले. आत एक जाडजूड बाई बूट काढून गादीवर आडवी होत होती. वहिनी शेजारी उभ्या राहून हसत काहीतरी सांगत होत्या. ऐकू येत नव्हतं, पण बाईने डोळे मिटून घेतले.

त्यासरशी वहिनींचं हसू गेलं. त्यांनी मागच्या पलंगाच्या कडेला हळूच टेकून घेतलं, एक हात मानेमागे नेला, चेहरा आवळला आणि तशाच बसून राहिल्या. पलीकडे बाई अंग सैल सोडून निवांत पडली होती. दोघींचेही डोळे मिटलेले होते.

मिस्त्रींनी रस्ता ओलांडायला एक पाऊल उचललं आणि परत फुटपाथवर ठेवलं.

थोड्या वेळाने वहिनींनी डोळे उघडले, पलंगाच्या कडेला तळवा रेटून त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. बाईने डोळे उघडून वर पाहिलं, तेव्हा वहिनी हसत उभ्या होत्या.