टीव्हीमागची डिस्क

"कॉम्प्युटरचा प्लग कुणी काढला?" मोठ्या मॅडमनी विचारलं आणि रक्ततपासणी केंद्रातली झाडून सगळी माणसं मावशींकडे बघायला लागली.

मावशींच्या हातात फरशी घासायच्या मशीनची वायर अजून तशीच होती. "मीच काढला. बोर्डावर दुसरी जागाच नव्हती. लगेच परत लावला की."

"लगेच लावला म्हणे. बाहेर बघा, रिपोर्टसाठी किती लोक ताटकळलेत."

तेवढ्यात केंद्राचे कॉम्प्युटर सांभाळणारा पेंग्विन आला. हे नाव त्याला डॉक्टरांनी ठेवलं होतं. केंद्राचा मुख्य कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्सवर चालायचा, तो त्यानेच हट्टानं बसवून घेतला होता, आणि लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. त्यातून स्वारीची चालही डुलत डुलत. नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. "माझं मशीन झोपत नाही," हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची दुखणी ऐकताना तर असा गालातल्या गालात हसायचा, की समोरच्याला हातातला कप त्याच्यावर फेकावासा वाटे.

आज त्याचं मशीन झोपलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं.

तो खुर्चीत बसला. काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि एका ओळीशी येऊन अडली. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, होईल ना हो नीट?"

"होईल हो मावशी. असा झटका बसला तरी सहसा स्वतःहून सावरतं ते."

मग आज का सावरत नाही, हे त्यालाही कळेना. अचानक बंद पडल्यानं आतली डिस्क बिघडली असेल म्हणून त्यानं ती तपासायला लावली. डिस्क ठणठणीत होती. तेव्हा कुठे त्यानं ती अडलेली ओळ नीट वाचली.

मशीन एका डिस्कची वाट बघत होतं. बाहेरून जोडलेली बॅकअपची डिस्क. ती दिसत नाही म्हणून ते अडून बसलं होतं.

ती कुठे आहे ते पेंग्विनला आठवलं. ती डिस्क त्याच्या घरी टीव्हीच्या मागे पडलेली होती. "दाजी, माझ्या लग्नाचा एवढा मोठा व्हिडिओ तुमच्याकडे मावेल का?" असं मेहुण्यानं विचारलं होतं, आणि मेहुण्यासमोर नाही म्हणायचं म्हणजे काय? बॅकअपचं काम तेवढ्यापुरतं बंद करून तो डिस्क घेऊन गेला. उद्या परत नेऊ, उद्या नेऊ असं करता करता ती तिथेच राहिली. चालू मशीन त्याबद्दल कुरकुरलं नाही. पण नव्यानं सुरू होताना ते सगळ्यांची हजेरी घेतं, आणि इतके महिने ते बंदच झालं नव्हतं.

म्हणजे डिस्क जागेवर असती, तर मावशींनी प्लग काढूनही काही बिघडलं नसतं.

दुरुस्ती अगदीच किरकोळ होती. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं ती त्यानं उघडली, त्या डिस्कच्या ओळीआधी एक खूण टाकून ओळ बाद केली आणि मशीन पुन्हा चालू केलं. ते मुकाट्यानं उठलं. काउंटरवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पाठ थोपटली.

"प्लगमुळेच झालं ना रे?"

आता बोलायला हवं होतं. पण टाळ्या अजून कानात होत्या आणि जीभ रेटेना.

"प्लग असा काढायचा नसतो," तो म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. आणि तरी त्याहून हलकट वाक्य तो आयुष्यात बोलला नव्हता.

"ऐकलंत ना मावशी?" मॅडम म्हणाल्या. "महिना संपेपर्यंत या. पुढे नको."

मॅडम गेल्यावर मावशी हळूच जवळ आल्या. "भाऊ, तुम्ही जरा सांगून बघा ना. तुमचं ऐकतात त्या."

"बघतो," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

संध्याकाळी त्याला घास गिळेना. "मशीन चालू झालं ना? मग तोंड का असं?" बायकोनं विचारलं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्यानं टीव्हीमागची डिस्क काढली, सदऱ्याच्या टोकानं धूळ पुसली आणि पिशवीत तळाशी सारली. आपल्याच घरात आपण चोरासारखे वावरतोय, याची त्याला फार लाज वाटली. पण मावशी "तुमचं ऐकतात" म्हणाल्या होत्या, त्याची लाज त्याहून मोठी होती.

सकाळी केंद्र उघडायच्या आधी त्यानं मॅडमना आणि मावशींना मशीनपाशी बोलावलं.

"मावशी, तो प्लग काढा."

"नको बाई. एकदा झालं तेवढं पुरे."

मग त्यानंच वाकून प्लग ओढला. पडदा काळा झाला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मॅडम म्हणाल्या.

त्यानं प्लग परत लावला. अक्षरं सरसर वर गेली, कुठेही अडली नाहीत, आणि मशीन सुरू झालं.

"प्लगनं काही होत नाही त्याला," तो म्हणाला आणि पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली. "काल ते हिच्यासाठी अडलं होतं. ही मी घरी नेली होती. न विचारता."

मॅडमनी डिस्क उचलून हातात घेतली. "माझ्या खोलीत ये," त्या म्हणाल्या. मग मावशींकडे वळून, "आणि तुम्ही या नेहमीसारख्या. कालचं सोडून द्या." एवढं बोलून त्या गेल्या.

मावशी तिथेच उभ्या होत्या. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"काल. मशीन चालू करायच्या आधीच."

"म्हणजे त्या मला बोलत होत्या तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

त्या भांडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती बादली उचलली.

मॅडमच्या खोलीत त्याची बिनपाण्यानं झाली. बाहेर येऊन तो खुर्चीत बसला तेव्हा मावशी मशीनच्या खोलीतली फरशी पुसत होत्या. एरवी पुसता पुसता सुनेचं गाऱ्हाणं, नातवाचे प्रताप, सगळं सांगून व्हायचं. आज फक्त फडक्याचा आवाज येत होता. पुसत पुसत त्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, पाय वर घ्या."

त्यानं पाय वर घेतले आणि फरशी वाळेपर्यंत तसेच अधांतरी धरून बसला.