धनश्रीची कंपनी

वैजनाथ सोनईचा, धनश्री कोल्हारची. बंगळूरच्या एका कारखान्यात दोघं इंजिनियर होते, लग्नही तिथंच जमलं. पुढं नोकऱ्या सोडून ते नगरला आले आणि नागापूर एमआयडीसीत शेड घेऊन त्यांनी ‘लहर सेमीकंडक्टर’ सुरू केली. लांबून येताना रेडिओलहर क्षीण होते. तिला पुन्हा बळ देणारी, तांदळाच्या कणीएवढी चिप ते बनवायचे. आधी वायरलेस सेटसाठी, मग मोबाईल टॉवरसाठी. गिऱ्हाईक वैजनाथ आणायचा, डिझाइन सगळं धनश्रीचं. भिंगाखाली केसाहून बारीक सोन्याची तार जोडायला तिनं आसपासच्या मुलींना शिकवलं. त्यातली पहिली ज्योती.

तीन वर्षांपूर्वी धनश्रीला रक्ताचा कर्करोग निघाला. पुण्यात ती अतिदक्षता विभागात असताना डॉक्टरांनी वैजनाथला सांगितलं, आता फार आशा धरू नका. त्याच आठवड्यात एका परदेशी कंपनीनं ‘लहर’ विकत मागितली. कारखाना नागापूरलाच राहील, असं त्यांचा माणूस तोंडी म्हणाला. ती नसेल तर हे सगळं चालवायचं कुणासाठी, हे वैजनाथला कळेना. आजारपणात तिनं दिलेल्या मुखत्यारपत्रावर त्यानं दोघांच्याही वतीनं सही केली.

आणि धनश्री वाचली.

घरी आणल्यावर आज सांगू, उद्या सांगू करत तो गप्प राहिला. तिनं कंपनीचं विचारलं, की सगळं ठीक आहे, तू आराम कर, एवढंच म्हणायचा. तोवर नव्या मालकांनी डिझाइनं घेतली, यंत्रं उचलली आणि पोरींना घरी पाठवलं.

एके दुपारी ज्योती तिला बघायला आली. धनश्रीनं हौसेनं चिपच्या नव्या बॅचचं विचारलं. ज्योती गोंधळली.

“बाई, मशिनी तर कवाच नेल्या. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?”

धनश्रीनं वैजनाथला गाडी काढायला लावली. नागापूरला वॉचमननं शटर उघडलं. आत नुसती फरशी होती, यंत्रं उखडली तिथं बोल्टांची भोकं. ती भिंतीला धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. वैजनाथ मागून बोलत राहिला, डॉक्टर काय म्हणाले, त्याची काय अवस्था झाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही मला मेलेली धरून चाललात,” ती म्हणाली.



पुढं तिनं नवं डिझाइन काढायला घेतलं. पण विक्रीच्या करारात दोघांनाही काही वर्षं हा धंदा करायला मनाई होती, हेही त्याला सांगावं लागलं. तिनं लॅपटॉप मिटला.

दिवाळीला ती कोल्हारला भावाकडं गेली, ती तिथंच राहिली. भांडण असं झालंच नाही. वैजनाथ दर रविवारी जातो. ती त्याला जेवायला वाढते, औषधं वेळेवर घेते म्हणून सांगते. मग दोघं ओसरीवर बसतात. घरी चल म्हणायचं त्याच्या ओठांवर येतं, पण तेवढ्यात ती उठून त्याची पिशवी आणून देते. संध्याकाळी तो नगरला परततो.